उकळत्या मोटारीतून लोणारला

लोणारला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी सरोवराचं विचारतात. खड्डा केवढा आहे, पाणी खरंच हिरवं दिसतं का, काठाची देवळं पाहिलीत का. सरोवर मी पाहिलं. पण एकदाच, काठावर उभं राहून, खांद्यावर मोटारीचा रेडिएटर घेऊन. त्यामुळे सरोवराचं साग्रसंगीत वर्णन वाचायला जे बसले असतील त्यांची निराशा होईल. मी जे सांगणार आहे ते बहुतेक एका जुन्या मोटारीचं आणि एका बाळंतिणीचं आहे.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. माझी बायको सुमती डॉक्टर. नोकरीच्या निमित्ताने ती वऱ्हाडात आली आणि खामगावलाच राहिली. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. डोळे दुखायला लागले तशी शाळा सोडली आणि तिची मोटार हाकू लागलो. कोकणातले आमचे नातेवाईक अजून विचारतात, की वऱ्हाड म्हणजे नागपूरच ना? मी सांगतो, की राज्य निजामाचं, कारभार नागपूरचा आणि माणसं स्वतःची. त्या माणसांच्या लेखी मी 'डॉक्टरीणबाईंचा मास्तर'.

मोटार आम्ही वडनेर भोलजीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडून घेतलेली. कापडी टपाची, पितळी रेडिएटरची. नवी होती तेव्हा तिच्यात बसायला म्हणे गावजेवणाला यावीत तशी माणसं येत. आमच्याकडे आली तेव्हा तिचे चांगले दिवस सरले होते. थंडीच्या दिवसांत ती ठीक चाले. होळी झाली की तिच्या अंगात ताप भरे.

खामगाव ते चिखली

लोणारला गोदा नावाची एक बाई होती. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिचा नवरा नारायण तिला खामगावला घेऊन आला. नारायण माळी. लोणारला त्याचा भाजीचा मळा आहे. सुमतीने तिला तपासून सांगितलं की नववा महिना लागला की इथेच येऊन राहा. घरी सासूने ते मोडून काढलं. आपला उंबरठा सोडून बाळंत झालेलं तिला नको होतं. तेव्हा सुमतीने शब्द दिला, की तुम्ही येत नाही तर मी येईन. चैत्रात लॉरीवाल्याच्या हाती निरोप आला, की गोदाच्या पायावर आणि तोंडावर सूज आहे, बाईंनी लवकर यावं.

सुमतीची तेव्हा काय अवस्था होती ते सांगायला हवं. हिवाळाभर गावात तापाची साथ होती. रात्री उठून जाणं, परत येणं, परत जाणं. जेवताना तिचा घास हातात राही आणि डोळा लागे. निरोप ऐकून तिने औषधांची पेटी पुढे ओढली. मग म्हणाली, "पेट्रोल भरून घ्या."

पहाटे निघालो. खामगाव सोडलं की काही वेळ काळ्या जमिनीतून सरळ रस्ता आणि पुढे घाट. उशिराचा कापूस बाजाराला नेणाऱ्या गाड्या समोरून येत होत्या. वाऱ्याने गाड्यांतला कापूस उडून बाभळींना लटकला होता. झाडांना कुणी दाढ्या लावल्यासारखं दिसे. आमच्याकडच्या तांबड्या, झाडांनी झाकलेल्या वाटांची सवय असलेल्या माणसाला हा उघडा मुलूख पहिल्यांदा अंगावर येतो. पुढे पुढे तोच बरा वाटतो. येणारा माणूस कोसावरून दिसतो.

घाट अर्धा चढलो आणि रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसायला लागली. गाडी थांबवली. बॉनेट उघडलं तर आत चुलाणावरच्या हंड्यासारखा आवाज. अशा वेळी झाकण लगेच उघडायचं नसतं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर येतं. हे शहाणपण माझ्या डाव्या मनगटावर आधीच उमटलेलं आहे. म्हणून बाभळीखाली बसून राहिलो. सुमती मागच्या बाकावर टेकली आणि झोपली.

जवळच्या वावरातून एक म्हातारी आली. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर टोपली.

"काऊन थांबले हो?"

"गाडी तापली, आजी."

"तापन नाही तं काय? आमचे बैल बी तापतात या उन्हात." तिने गाडीत डोकावून पाहिलं. "बाई बिमार हायेत काय?"

"नाही. थकल्यात. डॉक्टर आहेत."

म्हातारी परत गेली आणि घागर घेऊन आली. सोबत फडक्यात बांधलेल्या दोन ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'कुणाकडचे?' विचारतात, मग पाणी. इथे पाणी आधी, आणि कुणाकडचे ते पाणी पिऊन झाल्यावर. त्या दिवशी मी जागोजागी इंजिनासाठी पाणी मागितलं, पण जात, गाव विचारून कुणी खोळंबून ठेवलं नाही.

गाडी निवल्यावर मी रेडिएटरची जाळी नीट पाहिली. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि पत्र्यांची एक जाळीच. इंजिनात तापलेलं पाणी वरून तिच्यात येतं, नळ्यांतून उतरता उतरता वाऱ्याने निवतं आणि खालून परत इंजिनात जातं. आमच्या जाळीच्या फटींत कापसाचा थर बसला होता, किड्यांसकट. वारा शिरणार कुठून? मला रोगच सापडल्यासारखं वाटलं. बाभळीच्या काट्याने एक एक फट उकरत बसलो. म्हातारी शेजारी उभी राहून म्हणाली, "गोधडीतून सरकी काढून राह्यले जसे!"

जाळी साफ झाली, पाणी भरलं, निघालो. घाट चढला. मी मनात खूश. चिखलीच्या अलीकडे झाकण पुन्हा फुसफुसलं.

चिखलीत पंख्याचा पट्टा पाहिला. चामड्याचा पट्टा सैल पडून घसरत होता, म्हणजे जाळीवर पुरेसा वाराच येत नव्हता. बाजारातल्या चांभाराने तो तोडून, आखूड करून टाके घालून दिला. हेही कारण खरंच होतं. पण एका रोग्याला तीन रोग असू शकतात, असं सुमती नेहमी म्हणते, आणि पहिला सापडला की डॉक्टर पुढचे शोधत नाही, तिथेच फसतो.

मेहकर

चिखलीपासून मेहकरपर्यंत गाडी अनेकदा उकळली. प्रत्येक वेळी तेच. थांबायचं, बॉनेट उघडायचं, विहीर शोधायची, पाणी मागायचं. माझी पाठ दुखू लागली होती आणि सुमतीने बोलणंच सोडलं होतं. वाटेत वांगी-भाकरी खाल्ली, ताक प्यालो, त्याची चवसुद्धा आता आठवत नाही. रस्त्याच्या कडेला पळस संपत आलेला होता.

दिवस मावळता मावळता मेहकरला पोचलो. गाव टेकाडावर, खाली पैनगंगा. नदीत त्या दिवसांत पाणी थोडंच, खडकांच्या मधून डबकी डबकी. मुसाफिर बंगल्याचा खानसामा चहा घेऊन आला तेव्हा सुमती व्हरांड्यातल्या खुर्चीत, पायांत चपला तशाच ठेवून, झोपली होती. मी तिला उठवलं नाही. गाडीपाशी गेलो. इंजिनाच्या ठिणगीची वेळ पुढेमागे करायचा दांडा स्टिअरिंगच्या चक्राजवळ असतो. तो मागे राहिला तरी इंजिन तापतं. मी तो जागेवर आणला आणि मनाला समजावलं, की आता सगळं झालं.

लोणार

सकाळी मेहकर ते लोणार रस्ता थंड होता, तरी सुलतानपूरच्या पुढे गाडी उकळलीच. लोणारला नारायणच्या दारात थांबलो तेव्हा वाफेच्या ढगातच उतरलो. नारायण धावत आला. तिशीतला, उंच, गालफडं बसलेली. रात्रीपासून कळा सुरू झाल्या होत्या.

सुमती आत गेली. मी ओट्यावर बसलो. आतून गोदाचं ओरडणं ऐकू येई आणि मध्येच सगळं गप्प होई. ते गप्प होणं जास्त वाईट. नारायण ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. काय करावं हे त्याला कळत नव्हतं. बायका आत, पुरुष बाहेर, ही इथलीही रीत आणि आमचीही.

सुमती हात पुसत बाहेर आली. नारायणची आई तिच्या मागे दारात.

"डोकं अडकलंय," सुमती मला म्हणाली. "सूज आहे, कधीही झटके येतील. चिमटा लावून मूल काढावं लागेल, आणि तो इथे लावता येणार नाही. गुंगी द्यायला दुसरा डॉक्टर हवा. मेहकरच्या दवाखान्यात आहे."

"मंग नेऊ ना, बाई," नारायण म्हणाला. "मी बैल जुपतो."

"बैलगाडीने संध्याकाळ होईल. आणि ते धक्के तिला सोसणार नाहीत." सुमतीने माझ्याकडे पाहिलं. "लॉरी?"

लॉरी पहाटेच गेली होती. दुसरी उद्या.

राहिली आमची मोटार. सगळे तिच्याकडे पाहायला लागले. ती अजून सूं सूं करत होती.

मी हिशेब मांडला. तशीच निघालो तर गाडी दर दोन-तीन मैलांवर थांबणार. वर गोदा, सुमती, अंथरूण, पाण्याच्या घागरी यांचं ओझं. प्रत्येक थांब्याला निवेपर्यंत वेळ. आणि एकदा इंजिन आतून धरलं, जाम झालं, की मग रस्त्यातच बसायचं, ना बैल ना दवाखाना. दुरुस्त करून निघालो तर वाट सरळ. पण दुरुस्ती होईल याची खात्री काय? कालपासून मी तेच तर करत होतो.

"किती वेळ लागेल?" सुमतीने विचारलं.

"दुपार होईल."

आतून गोदाचा आवाज आला.

"दुपारपर्यंत मी तिला सांभाळीन," ती म्हणाली. "त्यापुढे माझ्या हातात नाही. गाडीतलं मला कळत नाही. तुम्ही ठरवा." आणि ती आत गेली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं काही ठरवायला लावल्याचं आठवत नाही. मी कोट काढला.

या वेळी घाई केली नाही. आधी विचार केला. जाळीला वारा लागतोय, पंखा फिरतोय, ठिणगी जागेवर, पाणी भरलेलं. मग पाणी निवत का नाही? इंजिन सुरू करून तापू दिलं, बंद केलं आणि रेडिएटरवर हात फिरवला. वरचा भाग पोळत होता. कडेच्या पट्ट्या खालपर्यंत गरम. पण मधला खालचा सगळा भाग गार. चक्क गार! नारायणलाही हात लावायला सांगितलं.

"इथं थंडं लागते," तो म्हणाला.

"म्हणजे तिथे तापलेलं पाणी पोचतच नाही. नळ्या आतून बुजल्यात."

झाकण काढून बोट घातलं तर तोंडाशी पांढरा खरखरीत थर. तो थर मी ओळखला. आमच्या घरच्या चहाच्या किटलीत तोच बसतो. वडनेरकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, आणि आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तेच गाडीला पाजलेलं. सुमती किटलीत सोडा घालून उकळते, की थर सुटतो.

"नारायणराव, घरात खार आहे का? पापडाचा?"

त्या तशा वेळीही त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "लोनारात खार हाये काय म्हून इचारता मास्तर? तळ्याचा खारच तं हाये आमच्या इथं. आईनं पापडासाठी आनून ठेवला."

चुलीवर हंडा ठेवला. खार पाण्यात विरघळला तसा साबणासारखा वास सुटला. आम्ही रबरी नळ्या सोडल्या, पेच काढले आणि रेडिएटर गाडीतून उपसून अंगणात बाजेवर निजवला. उकळतं खारपाणी आत ओतलं, तोंडं चिंध्यांनी बांधली आणि थांबलो. मग हलवलं, ओतून टाकलं. तांबडा गाळ आला. पुन्हा भरलं. त्या पाण्याने माझ्या बोटांची कातडी सोलून निघाली. नारायण हंडे आणत होता. आत त्याला कुणी घेत नव्हतं, बाहेर तरी त्याच्या हाताला काम होतं. मध्येच गोदा ओरडली की तो हंड्यासकट जागच्या जागी थांबे, आणि ओरडणं विरलं की पुन्हा चालू लागे.

थर सुटला होता, पण नळ्यांतून बाहेर निघायला पाण्याचा जोर हवा होता. घागरीने तो येईना.

"मळ्यात मोट हाये," नारायण म्हणाला.

रेडिएटर खांद्यावर घेऊन आम्ही दोघं निघालो. मळ्याची वाट सरोवराच्या काठावरून जाते. तिथे मी ते पाहिलं. एकदम पायाखालची जमीन संपते आणि खाली खोल, गोल, झाडीने भरलेला खड्डा, तळाशी हिरवं, जाड, न हलणारं पाणी, कडेला पांढरा खार. एक उग्र वास वर येतो. काठावर मोर ओरडत होते. इतर कुठल्याही दिवशी मी तिथे चित्राची वही काढून बसलो असतो. त्या दिवशी मला एवढंच सुचलं, की एवढा खार आहे, तर हा रेडिएटर साफ व्हायलाच पाहिजे.

मोट सुरू झाली. मोट हाकणारा माणूस एरवी गातो. नारायण गात नव्हता, नुसता बैलांच्या शेपट्यांकडे बघत होता. मोट वर येऊन पाणी विहिरीच्या तोंडाशी असलेल्या दगडी थारोळ्यात आदळे, त्या धारेखाली मी रेडिएटर उलटा धरला, म्हणजे पाणी खालच्या तोंडातून शिरून वरच्याने बाहेर पडावं. पहिल्या मोटेला काहीच नाही. पुढे गढूळ पाणी. मग एकदम पांढरे कपचे, अंड्याच्या टरफलासारखे, भळाभळा. मी ओरडलो. नारायणने बैल थांबवले.

"निघालं?"

"निघतंय! हाका, हाका!"

पाणी स्वच्छ येईपर्यंत त्याने मोट हाकली. मी भिजून चिंब झालो होतो.

रेडिएटर परत बसवला, पाणी भरलं आणि पाहतो तर खालच्या शिवणीतून टिपटिप गळती. जो थर काढला त्यानेच ते भोक आतापर्यंत बुजवून ठेवलेलं. मी गाडीच्या पायरीवर बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. दुपारपर्यंत म्हणालो होतो, ती दुपार झालीच होती. कथलाचा डाग देऊन ती बुजवायला गावात कुणी नव्हतं. मला रडू आलं नाही, पण त्याच्या अलीकडचं जे असतं ते आलं.

मग खामगावच्या एका लॉरीवाल्याचं बोलणं आठवलं. बारीक गळतीला तो हळद घालतो. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. मी दारात जाऊन हळद मागितली. नारायणची आई पुढे आली. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"हळद कायले?"

"गाडी गळतेय, आई. हळदीने थांबेल."

ती आत गेली आणि लहानसं गाडगं घेऊन आली. हळद ताजी कुटलेली, केशरी. बाळंतिणीसाठी कुटून ठेवलेली ती हळद होती. गाडगं माझ्या हातात देताना तिने ते क्षणभर सोडलं नाही.

"म्या तिले खामगावले जाऊ देलं नाही," ती म्हणाली. "न्या सारी."

हळद घातली, इंजिन सुरू केलं. शिवणीतून आधी पिवळं पाणी टिपकलं, मग थेंबाथेंबातलं अंतर वाढलं, मग थांबलं. मी जाळीवर हात फिरवला. वर गरम, मध्ये गरम, खाली कोमट. सगळीकडे सारखं.

मागचा बाक काढून गोधड्या अंथरल्या. गोदाला चौघींनी उचलून आणलं. तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले. वीस-बावीसची असेल. सुमती तिच्या डोक्याशी बसली. नारायण आत बसायला तयार नव्हता. तो पायरीवर उभा राहिला, एका हाताने टपाची काठी धरून, नजर रेडिएटरच्या झाकणावर.

"वाफ निघाली की सांगा," मी म्हटलं.

"हाव."

सकाळी जिथे थांबलो ती चिंच गेली. सकाळी जिथे थांबलो ती चिंच गेली. मी सावकाश, खड्डे चुकवत चालवत होतो. मागे गोदा कण्हायची आणि सुमती तिच्याशी हलक्या आवाजात काही बोलायची. एक चढ आला. "नाही निघाली," नारायण म्हणाला. मी विचारलं नव्हतं. पुढच्या चढालाही तो म्हणाला, "नाही निघाली." पैनगंगा दिसली तेव्हा त्याने नुसता घाम पुसला.

पुन्हा मेहकर

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच टेबल तयार केलं. भला माणूस. गुंगी त्यांनी दिली, चिमटा सुमतीने लावला. आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली. बऱ्याच वेळाने सुमती दारात आली. तिच्या चालण्यावरूनच मला कळलं.

"गोदा वाचेल," ती नारायणला म्हणाली. "मुलगी होती. खूप प्रयत्न केले. तिने श्वास घेतला नाही."

नारायण म्हणाला, "गोदी वाचन?"

"वाचेल."

त्याने मान हलवली आणि खाली बसला. मी त्याच्याजवळ बसलो. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं ते लहानसं गाठोडं घेऊन नदीकडे गेलो. त्याने स्वतः खणलं. मी खणू लागलो तर माझे हात पाहून म्हणाला, "राहू द्या मास्तर, हात सोलले तुमचे."

बंगल्यावर आलो. सुमतीने दिवसभरात काही खाल्लं नव्हतं. खानसाम्याने पिठलं-भाकरी केली. तिने दोन घास खाल्ले. मग मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"सकाळीच निघालो असतो, तशीच उकळती गाडी घेऊन, तर पोर जगलं असतं का?"

माझं मन राखायला ती काही बोलेल असं वाटलं होतं. तिने तसं केलं नाही. भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"जगलं असतं कदाचित," ती म्हणाली. "पोचलो असतो तर. आणि पोचलो नसतो तर दोघी गेल्या असत्या. मला खरंच सांगता येत नाही. तुम्हीही शोधू नका. मी पूर्वी शोधत असे. त्याला अंत नाही."

मग ती भिंतीकडे तोंड करून निजली. बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपली, तेव्हा म्हणाली, "हातांना खोबरेल लावा." मी लावलं.

गोदाला ताप आला म्हणून आम्ही तिथेच राहिलो. सुमती सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाई, मी गाडीच्या शिवणीकडे लक्ष ठेवी. फावल्या वेळात बालाजीच्या देवळात जाऊन आलो. काळ्या पाषाणातली ती मूर्ती फार सुंदर आहे. ती पाहायला म्हणून जरूर जावं. माझं मन तिथे लागलं नाही, हा मूर्तीचा दोष नव्हे.

ताप उतरला आणि गोदा बसायला लागली, तेव्हा आम्ही निघायचं ठरवलं. निरोप घ्यायला सुमतीबरोबर मीही दवाखान्यात गेलो. गोदा खाटेवर उशीला टेकून बसली होती. सूज गेल्यावर तिचा चेहरा अगदी पोरसवदा दिसत होता. मागाहून आलेली नारायणची आई तिला चमच्याने पेज भरवत होती. मुलीला गोदाने पाहिलंच नव्हतं.

सुमतीने तिची नाडी पाहिली, औषधाचं सांगितलं. आम्ही दाराकडे वळलो तेव्हा गोदा म्हणाली, "मास्तर."

मी थांबलो. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मले त्या दिवसाचं काही याद नाही. गोधडीवर टाकलं, आन् गाडी सुरू झाली, एवढंच. या बायका बोलून राह्यल्या होत्या ना, गाडी रस्त्यानं उकळते, थांबते म्हून. मंग मी डोळे मिटून नुसती वाट पाहत होती. आता थांबन, मंग थांबन. थांबली की आपुन मेलो, असं म्या मनात धरलं होतं." ती दमली. सासूने चमचा खाली ठेवला. "थांबलीच नाही ना हो?"

सुमती माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हटलं. "थांबली नाही."

"हाव," गोदा म्हणाली. "मले बी तसंच वाटलं." आणि तिने पेजेसाठी तोंड उघडलं.